बैठक ते सोफा : पोटात काय भरलंय?

आपल्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण होत आहेत. स्मरणिकेत बाग, गणेशोत्सव, पाण्याची टाकी आणि लिफ्टची रडकथा या विषयांवर लेख येणारच. संपादक मंडळाने माझ्याकडे "काहीतरी इतिहासाचं द्या" अशी मागणी केली, तेव्हा मी असा विषय निवडला की जो आपल्या प्रत्येकाच्या हॉलमध्ये निम्मी जागा अडवून बसला आहे आणि तरीही ज्याचा इतिहास कुणी लिहायला घेत नाही. तो म्हणजे सोफा.

या निवडीला कारण आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण बहुतेकजण इथे राहायला आलो, तेव्हा घेतलेले किंवा करवून घेतलेले सोफे आता एकदमच म्हातारे झाले आहेत. गेली दोन-तीन वर्षं दर महिन्याला एखादा सोफा जिन्याने खाली उतरताना आणि एखादा नवा वर चढताना दिसतो. खाली जाणारा पुष्कळदा सागवानी असतो. वर येणारा कशाचा आहे, हे घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. रक्कम मात्र तीस हजारांपासून लाखाच्या वर जाते. एवढे पैसे मोजताना आपण बघतो काय? रंग, आकार, आणि दुकानदार म्हणतो म्हणून दोन मिनिटं बसून. किलोभर वांगी घेताना आपण यापेक्षा जास्त पारख करतो!

माझी सगळी नोकरी एका कारखान्याच्या खरेदी खात्यात गेली. मालाच्या आत काय आहे हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही, ही तिथली शिस्त. त्या नजरेने सोफ्याचा इतिहास चाळला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. सोफ्याचा इतिहास म्हणजे बसायच्या वस्तूचं पोट हळूहळू कसं झाकलं गेलं याचा इतिहास. ते कधी आणि कशामुळे झाकलं गेलं हे कळलं, की दुकानात काय विचारायचं तेही आपोआप कळतं.

सुफ्फा, दिवाण आणि दिवाणखाना

'सोफा' हा शब्द आपल्याला इंग्रजीतून आला, पण तो मुळात इंग्रजी नाही. अरबीत 'सुफ्फा' म्हणजे बसायचा उंचवटा, ज्यावर सतरंजी-गालिचा आणि उशा टाकलेल्या असत. तुर्कस्तानमार्गे तो युरोपात गेला आणि तिथे त्याला पाय, पाठ आणि हात फुटले. 'दिवाण' या शब्दाचा प्रवासही असाच मजेशीर आहे. फारसीत दिवाण म्हणजे दरबार, कचेरी. त्या कचेरीत भिंतीलगत बसायची जी लांब बैठक असे, तिलाही दिवाण म्हणू लागले. आपल्याकडे राज्यकारभार बघणारा दिवाण आला, वाड्यातला दिवाणखाना आला, आणि शेवटी फ्लॅटमध्ये खाली पांघरुणं ठेवायची पेटी असलेला दिवाणही आला. तिघेही एकाच घराण्यातले.

म्हणजे सोफ्याचा पूर्वज आपल्याला नवा नव्हता. मराठी वाड्यांच्या दिवाणखान्यात जाजम, त्यावर गादी, पांढरी शुभ्र चादर, मागे लोड आणि कोपराखाली तक्क्या अशी बैठक असे. पाहुणा कितीही मोठा असो, तो याच बैठकीवर बसे. मान असे तो जागेचा : लोडाशी कोण बसलं आणि जाजमाच्या कडेला कोण, यावरून माणसाची पायरी कळे. वस्तू साधीच होती. कापूस, खादीचं किंवा मांजरपाटाचं कापड आणि दोरा. यात लपवायला जागाच नव्हती.

पिंजाऱ्याचा काटा

आपल्यातल्या साठी ओलांडलेल्यांना पिंजारी आठवत असेल. तो दारोदार फिरायचा आणि पिंजणाच्या तारेचा तो विशिष्ट आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा. जुनी गादी उसवायची, दडपून गोळे झालेला कापूस अंगणात किंवा गच्चीवर काढायचा, पिंजून फुलवायचा आणि परत भरायचा. आधी कापसाचं वजन व्हायचं, कमी पडला तर नवा किती घातला तेही वजन करूनच. घरातली आजी समोर पाट टाकून बसायची. नजर पिंजाऱ्याच्या हातावर आणि काट्यावर.

या व्यवहारात तीन गोष्टी होत्या. आत काय भरतात ते डोळ्यांसमोर होतं. ते किती भरलं ते वजनाने कळत होतं. आणि वस्तू बसली, दबली, तर तोच माल पुन्हा वापरून ती उभी करता येत होती. गादी ही टाकून द्यायची वस्तू नव्हतीच. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी त्यांच्याशी काम आहे.

शिसव आणि वेत

इंग्रजांबरोबर खुर्ची, कोच आणि टेबल आलं. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवी लाकडावर दाट नक्षी कोरलेलं फर्निचर तयार होऊ लागलं. आकार विलायती, पण कारागीर इथले आणि लाकूडही इथलं. गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांत आणि पारशी घरांत असे कोच असत. आज त्यातले काही संग्रहालयांत आहेत, तर काही चोरबाजारात गिऱ्हाइकाची वाट बघत उभे असतात.

त्या काळच्या आपल्याकडच्या फर्निचरमध्ये एक शहाणपण होतं, ते म्हणजे वेताची विणलेली बैठक. आपल्या दमट हवेत जाड गादी शिवून बंद केली की आत ओल धरते, वास येतो, किडे होतात. वेताच्या जाळीतून हवा खेळते, पाठीला घाम येत नाही, आणि एखादी पट्टी तुटली तर ती दिसते. आरामखुर्ची, झोपाळ्यावरची पाठ, कोच या सगळ्यांना वेत चालायचा. जाळी सैल पडली की विणणारा घरी येऊन पुन्हा विणून द्यायचा. इथेही पोट उघडंच होतं. जोड कसे घातलेत, लाकडाला चीर आहे का, हे पालथं न घालताही दिसत होतं.

स्प्रिंग आली आणि पोट झाकलं

झाकण्याची सुरुवात कुठे झाली हे बघायला जरा युरोपात जावं लागेल. तिकडे थंडी. त्यामुळे पिसं, लोकर, घोड्याचे केस असं काहीबाही भरून शिवलेल्या बैठका तिकडे जुन्याच. आणि जिथे शिवून बंद केलेली वस्तू आली, तिथे भेसळही आली. 1495 मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोहोचायच्या आधी, इंग्लंडच्या संसदेला गाद्या-उशांत काय भरू नये याबद्दल कायदा करावा लागला. चांगल्या पिसांत उकळलेली पिसं मिसळणं, उशांत बकऱ्याचे आणि हरणाचे केस कोंबणं असे प्रकार चालले होते. माणूस त्यावर निजला, अंगाची ऊब लागली, की घाण वास सुटायचा. पण तोवर पैसे देऊन झालेले असत! लंडनमध्ये हे काम करणाऱ्यांचा संघ होता, आणि दुकानात जाऊन माल तपासण्याचा हक्क त्याला होता.

मोठा बदल झाला तो 1820 च्या दशकात. व्हिएन्ना आणि लंडन इथे लोखंडी स्प्रिंग घातलेल्या बैठकींची पेटंटं घेतली गेली. स्प्रिंगने सोफा मऊ झाला, पण स्प्रिंगला उंची लागते. खाली ताणलेले पट्टे, त्यावर सुतळीने एकमेकींना बांधलेल्या स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, त्यावर केस किंवा काथ्या, त्यावर कापूस आणि सगळ्यात वर कापड, असे थर झाले. चांगला कारागीर एकेक स्प्रिंग आठही दिशांनी बांधायचा. वाईट कारागीर दोन दिशांनी बांधून मोकळा व्हायचा. दुकानात दोन्ही सोफे सारखेच दिसत. फरक कळायचा तो दोन वर्षांनी, स्प्रिंग कापडातून वर आली की. गिऱ्हाइकाची नजर आणि सोफ्याचं पोट यांची ताटातूट झाली ती इथे.

अमेरिकेत तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाद्यांत जुन्या चिंध्या, दवाखान्यांतला टाकाऊ कापूस भरायचे प्रकार इतके वाढले, की आत काय भरलंय ते सांगणारी कापडी चिठ्ठी गादीला शिवणं राज्याराज्यांनी सक्तीचं केलं. विक्रेत्याने ती काढली तर गुन्हा. आपल्याकडे घरोघरी पिंजाऱ्यासमोर बसलेली आजी जे काम फुकट करत होती, तेच काम तिकडे कायद्याला करावं लागलं.

रबर, फोम आणि रेक्झिन

पुढचा टप्पा रसायनांचा. रबराचा चीक दह्यासारखा घुसळून फेस करायचा आणि साच्यात घट्ट करायचा, ही युक्ती 1929 च्या सुमारास इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत साधली. आपल्याकडे 'डनलॉपची गादी' हा शब्दच रूढ झाला, मग ती कुठल्याही कंपनीची असो. त्यानंतर काथ्यावर रबर फवारून केलेल्या गाद्या आल्या. त्या टणक, हवेशीर आणि आपल्या हवेला मानवणाऱ्या होत्या.

पण बाजी मारली ती आज ज्याला आपण नुसतं 'फोम' म्हणतो त्या पॉलियुरेथेनने. त्याचं रसायन ओटो बायर या जर्मन शास्त्रज्ञाने 1937 मध्ये शोधलं आणि 1950 च्या दशकात मऊ फोम बाजारात आला. हलका, स्वस्त, हव्या त्या आकारात सुरीने कापता येणारा. यात पातळ आणि दाट असे कितीतरी प्रकार निघतात. वरून हात लावला तर सगळेच मऊ लागतात, आणि नव्या सोफ्यावर दोन मिनिटं बसून त्यातला फरक कळणं जवळजवळ अशक्य.

वरच्या कापडाचीही तीच गोष्ट. 'रेक्झिन' हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या मालाचं नाव. कापडावर लेप देऊन चामड्यासारखं दिसणारं ते कापड होतं. आज आपण सगळ्याच नकली चामड्याला रेक्झिन म्हणतो, पण त्यात दोन मुख्य जाती आहेत. पीव्हीसीचा लेप कडक, जरा गरम होणारा पण दमटपणाला चिवट. पीयूचा लेप मऊ, दिसायला खऱ्या चामड्यासारखा, पण त्यातला हलका माल समुद्राकाठच्या हवेत काही वर्षांतच पापुद्रे सोडतो. आपल्या बिल्डिंगमध्ये एका घरी असा सोफा आला होता. तिसऱ्या पावसाळ्यानंतर घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना मागून तपकिरी पापुद्रे चिकटलेले असत. दुकानदार म्हणाला, "गॅरंटी फ्रेमची होती, कापडाची नाही."

फोमची एक गंभीर बाजूही सांगितली पाहिजे. 8 मे 1979 रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात एका मोठ्या दुकानाच्या फर्निचर विभागाला आग लागली. पॉलियुरेथेन फोमचं फर्निचर वेगाने पेटलं, विषारी काळा धूर झाला आणि 10 माणसं दगावली. त्यानंतर 1988 मध्ये ब्रिटनने फर्निचरच्या फोम आणि कापडासाठी आगीचे कडक नियम केले. हे इथे सांगायचं कारण असं, की आपल्या जिन्यात आणि पॅसेजमध्ये "भंगारवाला येईपर्यंत" ठेवलेले जुने सोफे महिनोन् महिने उभे असतात. कमिटीच्या नोटिशीला आपण कटकट समजतो. तो सोफा म्हणजे सुटकेच्या वाटेवर ठेवलेलं जळण आहे.

आपल्या हॉलमध्ये सोफा कसा शिरला

चाळीतल्या एका खोलीत सोफ्याला जागा नव्हती. लोखंडी खाट, एखादी घडीची खुर्ची आणि पाहुण्यांसाठी चटई एवढ्यावर संसार चाले. मुंबईत 1930 च्या दशकात फ्लॅट उभे राहू लागले आणि 'हॉल' नावाची खोली जन्माला आली. 1937 मध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' हे प्रदर्शन भरवलं, त्यात नव्या धर्तीचं घर कसं सजवावं हे लोकांना दाखवलं गेलं. पण मध्यमवर्गीय मराठी घरात सोफासेट सर्रास दिसू लागला तो बराच नंतर. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. घरात टीव्ही आला की सगळ्यांनी एकाच भिंतीकडे तोंड करून बसायचं ठरलं, आणि गोल बैठक मोडली. थ्री प्लस वन प्लस वन, मध्ये टीपॉय, वर क्रोशाची विणकाम केलेली कव्हरं, हे चित्र तेव्हाचं.

तो सोफा बहुधा घरीच तयार व्हायचा. ओळखीचा मिस्त्री यायचा आणि बाल्कनीत करवत सुरू व्हायची. लाकूड आणायला आपण स्वतः त्याच्याबरोबर वखारीत जायचो. मुंबईकर रे रोडला, पुणेकर भवानी पेठेत. लाकूड घनफुटावर मिळे आणि कुठला साग यावर भाव ठरे. बर्मा सर्वांत महाग, मग वलसाडी आणि सीपी. हे 'सीपी' म्हणजे जुना मध्य प्रांत. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचं, बल्लारशा-आलापल्लीचं जंगल त्यातलंच. लाकडाचा गाभा किती आणि बाहेरचा फिकट पांढरा भाग किती, हे मिस्त्री बोटाने दाखवायचा, कारण कीड लागते ती पांढऱ्याला. म्हणजे बैठकीत फोम आला होता, तरी सांगाडा अजून आपल्या डोळ्यांसमोर बनत होता.

1991 नंतर हेही बदललं. साग महागला, घरी मिस्त्री लावायला वेळ राहिला नाही, आणि शोरूम आल्या. आपल्या जवळचं उल्हासनगर बघा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी हे शहर उभं केलं, आणि आज तिथे फर्निचरची दुकानंच दुकानं आहेत. मलेशियातून रबरवुडचं फर्निचर येऊ लागलं. रबराचं झाड साधारण पंचवीस-तीस वर्षांनी चीक देईनासं झालं की तोडतात. पूर्वी ते सरपणात जायचं, आता त्याचं फर्निचर होतं. लाकूड वाईट नाही, पण कीड-बुरशीची प्रक्रिया नीट केलेली असली पाहिजे. मग इंटरनेटवरून फोटो बघून सोफा मागवायचे दिवस आले. डिसेंबर 2020 मध्ये तुर्भ्याला आयकियाचं दालन उघडलं आणि सोफा खोक्यांतून येऊन घरी जोडला जाऊ लागला.

सांगाडाही आता पूर्ण कापडाच्या आत गेला. आजचा एल-शेप सोफा म्हणजे सगळ्या बाजूंनी शिवून बंद केलेलं पोट. आत साग असेल, नीलगिरी असेल, पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन असेल किंवा भुशाचा बोर्ड असेल. बाहेरून चारही सारखेच.

मग बघायचं काय?

आता पिंजाऱ्याकडे परत येऊ. डोळ्यांसमोर भरणं, वजन, आणि पुन्हा उभं करता येणं. आजच्या सोफ्यालाही याच तीन कसोट्या लावता येतात.

पहिली कसोटी, डोळ्यांची. सोफ्याच्या पुढच्या एका कोपऱ्याला धरून तो वीतभर उचला. दुसरा पुढचा पायही लगेच उचलला गेला तर सांगाडा ताठ आहे. तो जमिनीलाच राहिला आणि सोफा पिळवटला, तर आत दम नाही. मग दुकानदाराला सोफा पालथा करायला सांगा. खाली काळं पातळ कापड असतं, ते एका कोपऱ्यात पिना काढून उघडता येतं. मोबाइलचा टॉर्च मारून बघा. लाकडाला लाकूड कुसू-खाच किंवा खुंटीने जोडलंय का, कोपऱ्यात तिरके ठोकळे स्क्रूने बसवलेत का, की नुसत्या पिना मारून काम भागवलंय? बैठकीखाली नागमोडी स्प्रिंगा आहेत की पट्टे, आणि ते किती जवळजवळ आहेत? "पालथा करता येणार नाही" असं उत्तर मिळालं, तर तेही उत्तरच समजा. 'सॉलिड वुड' या शब्दावर थांबू नका. कुठलं लाकूड, ते विचारा. आंबा, बाभूळ, साग, रबरवुड, सगळीच सॉलिड असतात.

दुसरी कसोटी, काट्याची. फोमची खरी ओळख त्याच्या घनतेत आहे. 32 डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 32 किलो. मऊ की कडक हा वेगळा मुद्दा आहे. कडक फोमही हलका असू शकतो, आणि तो लवकर बसतो. रोजच्या बैठकीला 32 च्या खाली जाऊ नये, 40 असेल तर उत्तम. पाठीला कमी चालतं. हे तपासायचं कसं? उशीची चेन उघडा, फोम बाहेर काढा आणि बॅग तोलायच्या साध्या काट्याला लटकवा. दोन फूट बाय दोन फूट, पाच इंच जाड फोमचं वजन 32 च्या घनतेला सुमारे दीड किलो भरतं, 40 ला एक किलो नऊशेच्या आसपास. एक किलोच्याही खाली आलं तर तो वीसच्या घरातला माल आहे, पाटी काहीही म्हणो. मात्र वजन हा शेवटचा शब्द नाही. स्वस्त फोममध्ये वजन वाढवायला खडूसारखी भुकटी घालतात, आणि फोमचा चुरा चिकटवून केलेला ठोकळाही जड भरतो. चोळून बघा, भुगा पडतो का. दाबून सोडा, झटकन वर येतो का.

तिसरी कसोटी, पुन्हा उभं करण्याची. कव्हरं चेनने निघतात का? पावसाळ्यानंतर ती धुता आली पाहिजेत. उशी सुटी आहे की शिवून टाकलीय? सुटी असेल तर पाच-सात वर्षांनी नुसता फोम बदलता येतो. कापड विचारताना घासण्याची चाचणी विचारा. 'मार्टिन्डेल' नावाच्या यंत्रावर कापड किती हजार घासण्या सोसतं ते मोजतात. रोज वापरायच्या सोफ्याला वीस हजारांच्या आसपास किंवा वर आकडा असावा.

शिवाय एक कसोटी आपल्या वयाची. आपल्यापैकी अनेकांचे गुडघे आता सोसायटीपेक्षा म्हातारे झाले आहेत. खोल, बुटका सोफा दिसायला छान, पण त्यातून उठताना हात धरायला माणूस लागतो. बैठकीची उंची सतरा-अठरा इंच, खोली वीस-बावीस इंच आणि हात टेकवून उठता येईल असा भक्कम हात, एवढं तरी बघा. आणि ऑर्डर देण्याआधी आपली लिफ्ट, जिन्याचं वळण आणि स्वतःचं दार टेपने मोजा.

हे सगळं झालं की बिलावर लिहून घ्या : लाकडाचं नाव, फोमची घनता, कापडाचा प्रकार, आणि फ्रेम, फोम, कापड यांची वेगवेगळी हमी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दाद मागायची झाली, तर तोंडी आश्वासन सिद्ध करणं कठीण, कागद बोलतो. तक्रार करायला 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

किंमत आणि मोल

शेवटी हिशेब. समजा पंधरा हजारांचा सोफा चार वर्षं टिकला, तर वर्षाला पावणेचार हजार पडले. साठ हजारांचा घेतला, मध्ये एकदा वीस हजार खर्चून फोम-कापड बदललं आणि तो वीस वर्षं वापरला, तर वर्षाला चार हजार. म्हणजे महाग तेच किफायतशीर असं नाही. भाड्याच्या घरात, बदलीच्या नोकरीत असलेल्या तरुण जोडप्याने स्वस्त सोफा घेतला तर ते चुकत नाहीत. चुकतं ते साठ हजार देऊन पंधरा हजारांचं पोट घरी आणतं ते गिऱ्हाईक.

आणि तिसरा हिशेब आपल्या जुन्या सोफ्याचा. सांगाडा सागवानी, जोड घट्ट, कीड नाही. फक्त फोम बसलाय आणि कापड विटलंय. समजा पंचवीस हजार खर्च करून तो नवा केला आणि दहा वर्षं वापरला, तर वर्षाला अडीच हजार. तिघांत हाच स्वस्त, आणि लाकूड असं की त्या भावात आज मिळणार नाही. भंगारवाला तो सोफा पाचशे रुपयांना उगाच नेत नाही!

1975 पासून मुंबई ग्राहक पंचायतीने एकत्र खरेदीची रीत हजारो घरांत रुजवली. एकेकटं गिऱ्हाईक दुर्बळ असतं, दहा घरं मिळून गेली की दुकानदार सरळ बोलतो. आपण तर सहकारी संस्थाच आहोत. माझी कमिटीला एक सूचना आहे. या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्यांचे जुने सोफे दुरुस्त होण्यासारखे आहेत अशा घरांची यादी करावी, एक चांगला कारागीर ठरवावा आणि क्लब हाउससमोरच्या मोकळ्या जागेत त्याला आठ-पंधरा दिवस काम करू द्यावं. फोम सगळ्यांसमोर येईल, सगळ्यांसमोर तोलला जाईल आणि सगळ्यांसमोर भरला जाईल. काटा मी माझ्या घरून आणीन. ज्यांना यादीत नाव घालायचं असेल त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात कळवावं.